जीप कधी निघते

सर, पहिली असाइनमेंट शेवटी मला एकटीलाच ठरवावी लागली. तुम्ही "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाहीत. इतक्या वर्षांत तुम्ही मला असं अर्ध्यात कधी सोडलं नव्हतं. भांडण अर्धं राहायचं, ते वेगळं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये डबा टेबलावर ठेवता ठेवता तुम्ही कालच्याच वाक्याच्या पुढचं वाक्य बोलायला लागायचात, मध्ये रात्र गेलीच नाही अशा थाटात. मी अजून त्या पुढच्या वाक्याची वाट बघते आहे. मला तुमचा राग आला आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

परवा, तुम्ही गेल्यानंतरच्या तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आले होते. वंदना झाली, मग भाषणं. प्राचार्यांनी साळवे सर कधी रुजू झाले, गणिताचे असून कॉम्प्युटर कसे शिकले, हे सगळं बरोबर सांगितलं. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी उभी राहिले, सरांनी मला खूप शिकवलं एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मला रडू आलं असं सगळ्यांना वाटलं. रडू आलं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते सगळं भांडण होतं, आणि पांढऱ्या साडीत मान खाली घालून बसलेल्या काकूंसमोर ते काढणं बरं दिसलं नसतं. म्हणून इथे लिहिते.

आपल्या क्लासबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. घनसावंगीच्या आपल्या कॉलेजात मागच्या अंगाला एक लॅब आहे. तिथे दुपारी नवशिक्यांसाठी प्रोग्रॅमिंगचा क्लास चालतो. कोणत्याही शाखेच्या मुलांनी यावं, सक्ती नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी बाकं पुरत नाहीत, आणि पहिली असाइनमेंट दिली की दुसऱ्या दिवसापासून लॅबमध्ये हवा खेळायला लागते. मुलगे पळाले तर त्यांचं फार बिघडत नाही, ते दुसरं काही शोधतात. मुलींचं तसं नसतं. गोदाकाठच्या गावातून जीपने येणाऱ्या मुलीने एकदा "जमंना" असं घरी म्हटलं की घरचे म्हणतात, मंग कशाला तरास करून घेती, कॉलेज सुटलं की सरळ घरी येत जा. तिथून ती परत लॅबमध्ये दिसत नाही. म्हणून पहिली असाइनमेंट कोणती द्यायची यावरून आपलं दरवर्षी वाजायचं.

यंदा तर प्राचार्यांनी आधीच गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं, की बाकं पुन्हा रिकामी दिसली तर क्लास बंद करू आणि ती खोली दुसऱ्या कामाला घेऊ. तुम्ही चष्मा पुसत बसला होतात. चष्मा पुसणं म्हणजे तुम्ही घाबरलात, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

माझं म्हणणं सरळ होतं आणि अजूनही आहे. संख्या सम की विषम ते ओळखा, पाढा छापा, मूळ संख्या शोधा. सगळीकडे हेच देतात, अभ्यासक्रमात हेच आहे आणि पुण्याला मुलाखतीत हेच विचारतात. शिवाय तपासायला सोपं, सगळ्यांना सारखं. तुम्ही म्हणायचात, "सविता, घरी पोराला मूळ संख्या कोन इचारतंय? उत्तर चुकलं तर त्याला कळंल कसं?" तुमचा नियम एकच. उत्तर चुकलंय हे ज्या प्रश्नात मुलाला मशीनच्या आधी स्वतःच्या डोक्यानं कळतं, तोच प्रश्न पहिला द्यायचा. नियम ऐकायला छान होता. त्यापायी मला काय काय निस्तरावं लागलं, ते तुम्ही सोयीने विसरायचात.

विहिरीचंच घ्या. सामाईक विहिरीवर भावाभावांच्या मोटारीच्या पाळ्या कशा लावायच्या, ही तुमची असाइनमेंट. वर्गात एकाच भावकीतले दोन चुलतभाऊ होते आणि त्यांची खरोखर तशीच विहीर होती, याचा तुम्हाला पत्ता नव्हता. एकाच्या प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या घराला कायम रात्रीची पाळी दिली. प्रोग्रॅम बिलकुल बिनचूक चालत होता. दुसऱ्याने तो कागदावर उतरवून घरी नेला. मग त्यांचे थोरले चुलते कॉलेजच्या पायरीवर येऊन बसले आणि आमच्या पाण्याचा निकाल लावायला कॉलेजला कोणी सांगितलं, असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायला लागले. तुम्ही त्यांना चहा पाजलात, लॅबमध्ये नेऊन मशीनसमोर बसवलंत आणि पाळी उलटी लावून दाखवलीत. आता बराबर झालं, म्हणून ते निघून गेले. उलटी पाळी बघून दुसऱ्या घरचे येतील, याची मला पुढचे कितीतरी दिवस धास्ती होती. तुम्ही मात्र प्रत्येकाला ती गोष्ट रंगवून सांगत होतात.

त्या दिवशी मी वैतागून म्हणाले होते, "सर, सगळ्यांच्या घरी विहीर नसते."

तुमचं हसू थांबलं. चष्मा काढलात, पण पुसला नाहीत. "माझ्या तरी कुठं व्हती," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्याच्या विहिरीवर आमी कवा जायचं न कवा न्हाई, ते पन ठरलेलं व्हतं. कुनी लिहून दिलं नव्हतं, तरी बराबर चालायचं."

एवढंच बोललात. मीही पुढे विचारलं नाही. तासाची घंटा झाली. त्यानंतर विहिरीचा, बैलाचा, कापसाच्या वेचणीचा एकही प्रश्न तुम्ही पहिली असाइनमेंट म्हणून दिला नाहीत. माझं ऐकलं असं कबूल करणं तुमच्या रक्तात नव्हतं. मग एका सकाळी जीपमधून उतरलात ते डबा हातात घेऊन सरळ लॅबमध्ये आलात आणि म्हणालात, "सापडलं. जीप."

तुमचं म्हणणं असं, की शेत असो नसो, घर गावाच्या कुठल्याही अंगाला असो, वडापच्या काळीपिवळी जीपमध्ये सगळ्यांनाच बसावं लागतं, आणि तिथे मांडीला मांडी लावल्याशिवाय भागत नाही. असाइनमेंट एका ओळीची होती. जीपमध्ये माणसं बसवत जा आणि जीप कधी निघेल ते मशीनला सांगा. मला ती ऐकताक्षणी आवडली. एकच काम मशीनकडून पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं आणि कुठे थांबवायचं, हे नवशिक्याला शिकवायला याहून चांगला प्रश्न मलाही सुचला नसता. तसं तुम्हाला सांगितलं नाही, कारण मग तुम्ही दिवसभर शीळ घालत फिरला असतात. उत्तर तर मी मनातल्या मनात लगेच लिहून टाकलं होतं. माणसं मोजत जा, बसायच्या जागा संपल्या की थांबा.

वर्गात कोणीच थांबवलं नाही. एकूण एक मशीनवर तीच ओळ भराभर वर सरकत होती. आणखी एक बसवा. आणखी एक बसवा. आणखी एक बसवा. मी दोन बाकांच्या मधून फिरत विचारत होते, अट कुठे आहे, जीप भरली हे कुठे लिहिलंय. मागच्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, जीप भरत नसती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनीच मला समजावून सांगितलं. आतलं झालं की मागच्या फळीवर, ते झालं की टपावर, आणि तेही झालं की ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर सरकून आपल्या सीटवर एकाला घेतो. बरं, मग निघते कधी, असं मी विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रोज त्याच जीपने येणारी मुलं, पण ती कधी निघते ते कोणालाच सांगता येईना. तुम्ही दाराची चौकट धरून हसत होतात. हसता हसता ठसका लागला आणि मुलींनी तुम्हाला पाणी आणून दिलं.

त्यावरून जे जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी सगळ्यांना शून्य देणार होते, तुम्ही पैकीच्या पैकी. माझं म्हणणं, जो प्रोग्रॅम थांबत नाही तो चूक, यात चर्चेला जागा नाही. तुमचं म्हणणं, पोरांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं, आरटीओच्या कागदावरचा आकडा लिहून मला फसवलं न्हाई. "तू बदनापूरची," तुम्ही मला डिवचलंत. "तुमच्याकडं रेल्वे. टाइम झाला की हालली. म्हनून तुला परत्येक गोष्टीला आकडा लागतो." आमची रेल्वेसुद्धा उशिरा येते, असं मी म्हणाले. हे काही फार चांगलं उत्तर नव्हतं, पण त्या वेळी दुसरं सुचलं नाही. मग तुम्ही मला विचारलंत. त्या जीपमध्ये मी कधी बसले होते का?

बसले नव्हते. मी घनसावंगीतच खोली घेऊन राहते, माझी स्कूटी आहे. पण पुढे काकूंनी जेवायला बोलावलं म्हणून तुमच्या गावी मुक्कामाला आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याच जीपने परतायचं ठरलं. तुम्ही शेळीला पाला टाकून येतो म्हणालात आणि मी पुढे स्टँडवर गेले. मला जीप नीट बघायची होती, वादासाठी पुरावा हवा होता. जीपचे ड्रायव्हर शकीलभाई काच पुसत होते. माणसं येत होती, सरकून घेत होती. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई आली, दवाखान्याच्या कागदांची पिशवी घेतलेले एक म्हातारबाबा आले, कॉलेजच्या मुली आल्या. कागदावरचा आकडा कधीच मागे पडला होता. ड्रायव्हरच्या शेजारी तेवढी जागा मोकळी दिसली म्हणून मी तिथे चढायला गेले, तर शकीलभाईंनी अदबीने मला मागे मुलींमध्ये बसवलं. कधी निघणार, असं विचारलं तर म्हणाले, निकलेंगे ना मॅडम, टाइम झाला की. कोणता टाइम, ते सांगितलं नाही. आतल्या कोणी कटकटही केली नाही.

मग तुम्ही आलात, बाह्यांची बटणं लावत, पुढच्या सीटवर बसलात आणि तेवढ्यात मागे दुसरी जीप येऊन उभी राहिली. शकीलभाईंनी गाडी चालू केली. तुम्ही मान वळवून मला म्हणालात, "बघितलंस? मागची जीप नंबराला लागली की पुढचीनं निघायचं. भरली का न्हाई भरली, सवालच न्हाई. हे उत्तर." तुमचा चेहरा असा झाला होता, जशी काही ती मागची जीप तुम्हीच बोलावून आणली होती. मी म्हटलं, सर, हे जीपच्या बाहेरचं झालं, नवशिक्या मुलाला ते कसं सुचणार. तुम्ही म्हणालात, आत बघून कळायचं न्हाई, मागं बघाया लागतं. घनसावंगी येईपर्यंत तुम्ही ते इतक्या वेळा म्हणालात, की ते लेकरूवाल्या बाईलाही पाठ झालं असेल.

त्या असाइनमेंटचे गुण कधी ठरलेच नाहीत. मी आकड्यावर अडून, तुम्ही मागच्या जीपवर. पुढच्या वर्षी मी माझी असाइनमेंट दिली, त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही तुमची. मुलं दोन्हीकडून पळाली आणि दोन्हीकडे थोडी टिकली. माझ्या बॅचच्या एका मुलाला पुण्यात मुलाखतीत मूळ संख्याच विचारल्या. नोकरी लागली म्हणून तो पेढे घेऊन आला, तो सरळ माझ्या टेबलाशी. तुम्ही त्यातले मूठभर पेढे घेतलेत आणि वर म्हणालात, गोड कमी आहेत.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते. मुलाचं कुठे अडलं की तुम्ही त्याच्या मागे जाऊन उभे राहायचात आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून ठेवायचात. त्याच्या कीबोर्डला हात लावायचा मोह होऊ नये म्हणून. मुलगा चुकीची कळ दाबायचा, परत दाबायचा, घाम पुसायचा, तरी तुमचे हात मागेच. सुरुवातीला मला तो निव्वळ वेळेचा खर्च वाटायचा. मी वाकून दोन कळा दाबायचे आणि पुढे जायचे. कधीपासून कोण जाणे, मीही हात मागे बांधून उभी राहायला लागले. तुम्ही ते पाहिलं असणार. तुमच्यासारख्या माणसाने त्यावरून मला एकदाही चिडवलं नाही, याचं मला आता फार वाटतं. सर, मला शिकवता येतं ते तुमच्यामुळे. स्टेजवर मी हेच म्हणाले होते, पण तिथे ते सगळ्यांसारखंच वाटलं.

शेवटचा फोनही असाइनमेंटचाच. मी सांगितलं, यंदा जीप नको. प्राचार्य टपून बसलेत. सम-विषम देऊ, पहिल्याच बैठकीत सगळ्यांचं येईल, खुशीत घरी जातील आणि दुसऱ्या दिवशी परत येतील. तुम्ही म्हणालात, सम-विषमची खुशी घरापर्यंत टिकायची नाही. घरी आईने विचारलं काय शिकलीस, तर पोरगी काय सांगणार? मी म्हटलं, आणि जीपचं काय सांगणार? जीप निघालीच नाही म्हणून? तुम्ही हसलात आणि खोकलात. खोकला लवकर थांबला नाही. डॉक्टरला दाखवलं का, असं मी विचारलं. "दाखवतो ना. हे एकदा ठरू दे. उद्या बोलू." मी बरं म्हटलं आणि भाजी फोडणीला टाकायला गेले. त्या वेळी आणखी काही बोलावंसं वाटलंच नव्हतं. आता वाटतं.

क्लास सुरू झाला त्या दिवशी माझ्याकडे सम-विषमचे कागद तयार होते. बाकं गच्च भरली होती. खिडकीजवळच्या स्टुलावर, मी शिकवताना तुम्ही बसायचात तिथे, कोणी बसलं नव्हतं. मी फळ्यावर सम-विषमचा प्रश्न लिहायला घेतला. अर्धा लिहून झाला आणि माझा हात थांबला. तुम्ही असतात तर मी तेच दिलं असतं. तुम्ही अडवलं असतं, मी ऐकलं नसतं आणि जिंकले असते. अडवायला कोणी नसताना ते फळ्यावर लिहिणं मला फुकटचं वाटायला लागलं. मी फळा पुसला आणि लिहिलं, जीपमध्ये माणसं बसवत जा आणि जीप कधी निघेल ते मशीनला सांगा. भीती वाटत होती. क्लास गेला असता तर तुमचा शेवटचा क्लास मी घालवला असं झालं असतं.

यंदा मी आधी मशीनला हात लावू दिला नाही. खुर्च्यांची जीप मांडायला लावली. ही माझी भर आहे, तुमची नाही, हे नोंदवून ठेवा. मुली एका बाजूला लाजत बसल्या, मुलगे टपावर म्हणून टेबलावर चढले, एक जण ड्रायव्हर झाला आणि सगळे एकदम बोलायला लागले. मग मशीनकडे वळले. काहींनी आकडा टाकला. बऱ्याच जणांचं जुनंच. आणखी एक बसवा, आणखी एक बसवा. या वेळी मी अट कुठे आहे असं विचारत फिरले नाही. हात मागे बांधून बघत राहिले.

कोमलच्या मशीनपाशी थांबले. ही तुमच्याच गावची, कला शाखेची, अकरावीपासून तुमच्या जीपने येणारी. तिच्या मशीनवर कोणी बसतच नव्हतं. मशीन विचारत होतं, सर आले का? उत्तर नाही असं मिळालं की लिहीत होतं, थांबा. आणि परत विचारत होतं, सर आले का?

हे काय आहे, असं मी विचारलं. माझा आवाज नीट होता.

"मॅडम, तुमी जीप कवा निघती ते लिहा म्हनलात. आमची जीप सर आले की निघायची. शिटं भरो न्हाई तर न भरो. पुढची शीट सरांची." मग ती थांबली आणि खाली बघत म्हणाली, "पन आता हे थांबतच न्हाई. चुकलंय, ते कळतंय मला. कुठं बदलू?"

चुकलंय ते तिला मशीनच्या आधी कळलं होतं. तुमचा नियम, सर. तुम्ही ते बघायला हवं होतं. मग मी तिला शिकवलं ते माझं. मशीनला एकावर एक अटी देता येतात, मध्ये "किंवा" घालायचं. सर आले, किंवा ठरलेला वेळ संपला. दोन्हीतलं एक झालं की बाहेर पडायचं. तिला पटलं. तिने टाइप केलं आणि वेळेच्या जागेपाशी आली.

"मॅडम, किती वेळ थांबायचं टाकू?"

इतकी वर्षं आकड्यासाठी भांडले आणि आकडा विचारल्यावर माझ्याजवळ नव्हता. मी म्हटलं, आज राहू दे, उद्या जीपमध्ये शकीलभाईंना विचारून ये.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शिरताना मी बाकांकडे न बघता थेट टेबलाशी गेले आणि मगच मान वर केली. बाकं भरलेली होती. खिडकीजवळचं स्टूलही एका मुलीने ओढून घेतलं होतं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. प्राचार्य दारातून भरलेली बाकं बघून गेले.

कोमलने वेळेची जागा पुसून टाकली होती. शकीलभाईंनी सांगितलं, त्याच्यात टाइम टाकता येत नाही. मग तिने मला तुम्ही गेलात त्या सकाळचं सांगितलं, काही स्वतः पाहिलेलं, काही शकीलभाईंकडून ऐकलेलं, जे तुम्हाला माहीत नाही. "मागची जीप आली, मॅडम. शकीलभाई तिला म्हनले, तू जा पुढं. तिच्या मागची आली, ती बी गेली. आमी समदे उतरून त्या जीपमधी गेल्तो, पेपर व्हता. ते एकटेच रिकामी गाडी घेऊन थांबले. मंग सरांच्या घरून मानूस आला सांगायला. तवा त्यांनी गाडी फिरवली न घराकडं नेली."

तिने नवी अट स्वतःच लिहिली होती. सर आले, किंवा घरून कोणी सांगायला आलं. मी प्रोग्रॅम चालवून बघितला. थांबतो. दोन्ही वाटांनी बरोबर थांबतो. मी तिला पैकीच्या पैकी दिले.

तेव्हा सर, मागची जीप नंबराला लागली की पुढची निघते, हे तुमचं उत्तर चूक होतं. त्या सकाळी मागे जीपा लागल्या होत्या. तुमची निघाली नाही. इतकी वर्षं पुढच्या सीटवर बसून तुम्हाला ते कळलं नाही, कारण तुम्ही बसलात की ती निघायची आणि तुम्ही मागे बघत असायचात. तुमच्या उत्तराला मी शून्य दिलंय. पटत नसेल तर या भांडायला.